विमान उतरल्यानंतर : भूमीवरील चालन, खुणा आणि भाषा यांचा एक इतिहास

'विमान उतरले' हे मराठीत पूर्ण झालेल्या क्रियेचे वाक्य आहे. विमानतळावर स्वागतास आलेला मनुष्य ते उच्चारतो तेव्हा प्रवास संपला असेच त्यास म्हणावयाचे असते. विमानात बसलेल्या मनुष्याचीही समजूत निराळी नसते. चाके भूमीस टेकताच तो कमरेचा पट्टा सोडतो आणि डोक्यावरील कप्प्याकडे हात नेऊ लागतो. वस्तुतः विमान या वेळी धावपट्टीवर आहे. तेथून बाहेर पडून, दोनचार वळणे घेऊन, प्रसंगी दुसरी धावपट्टी ओलांडून, इतर विमाने, ट्रॅक्टर, इंधनाच्या गाड्या आणि माणसे यांच्यामधून त्यास आपल्या थांब्यापर्यंत जावयाचे असते. हा मैल-दीड मैलाचा उरलेला प्रवास हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रस्तुत लेखक विमानविद्येचा जाणकार नाही. पदव्युत्तर वर्गात आज्ञार्थी वाक्यांचा पाठ चालू असता एका विद्यार्थ्याने विचारले की, भूमीवरील विमानास पुढे जाण्याची परवानगी देतात ती नेमकी कोणत्या वाक्याने? ऑस्टिन यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतील कृतिवाचक वाक्यांची उदाहरणे, म्हणजे लग्नातील 'होय', जहाजाचे नामकरण, पैज, हीच तोवर मी वर्गात देत आलो होतो. विद्यार्थ्याच्या प्रश्नाने ज्या उदाहरणांकडे मला वळविले त्यांत वाक्य चुकले तर लग्न मोडत नाही, माणसे मरतात. विषयाचा पाठपुरावा करण्यास एवढे कारण मला पुरेसे वाटले.

प्रथम शब्दाविषयी. विमानाच्या या संथ भूमीवरील चालीस इंग्रजीत 'टॅक्सी करणे' म्हणतात, आणि हे क्रियापद १९११ च्या सुमारापासून आढळते. 'टॅक्सी' हा 'टॅक्सीमीटर' या शब्दाचा तुकडा, आणि टॅक्सीमीटर म्हणजे भाडे मोजणारे यंत्र. मूळ मध्ययुगीन लॅटिनमधील 'टाक्सा', म्हणजे आकार किंवा कर. भाड्याची मोटार गिऱ्हाईक शोधीत रस्त्याच्या कडेने हळूहळू जाते, तसे विमान मैदानावर फिरते, या साम्यावरून क्रियापद बनले असे सामान्यतः सांगतात. फ्रेंचांनी व जर्मनांनी असे काही न करता 'लोळणे, गडगडत जाणे' या अर्थाची आपली जुनी क्रियापदे विमानास लावली. मराठीने मात्र या ठिकाणी काहीच केले नाही. 'धावपट्टी' हा चोख शब्द आपण घडविला व तो रूढ झाला. 'विमानतळ' झाला, 'उड्डाण' तर जुनेच होते. परंतु धावपट्टी आणि थांबा यांना जोडणाऱ्या मार्गास आपण नाव दिले नाही, आणि ज्यास नाव नाही ते पुढे दिसेनासे होते. याचे परिणाम शेवटी पाहू.

आरंभीच्या काळात असे नाव देण्याची गरजही नव्हती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन 'पुस मॉथ' जातीच्या एका इंजिनाच्या विमानाने जुहूस उतरले. ज्यावर ते उतरले ती पट्टी नव्हती, ते मैदान होते. वारा ज्या दिशेने असेल त्या दिशेने उतरावे, वेग ओसरला की छपराच्या दिशेने वळावे, एवढाच नियम. पावसाळ्यात जुहूचे हे मैदान पाण्याखाली जाई आणि टाटांना आपले काम पुण्यास हलवावे लागे. त्या काळच्या विमानांची शेपटी भूमीवर टेकलेली व नाक आकाशाकडे असे. बसल्या जागेवरून वैमानिकास समोरचे काही दिसत नसे. म्हणून तो सरळ न जाता नागमोडी जाई, एकदा डावीकडून व एकदा उजवीकडून पुढे काय आहे ते पाही. पहिल्या महायुद्धात फ्रेंचांनी नवशिक्यांसाठी पंख आखूड केलेली, न उडणारी विमाने बनविली होती. त्यांस 'पेंग्विन' म्हणत. भूमीवर चालविणे ही उडविण्याहून स्वतंत्र विद्या आहे, हे त्या पिढीस ठाऊक होते. डाकोटा विमानेही शेपटीवरच टेकत, आणि १९५३ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन एअरलाइन्सचा पहिला भार मुख्यतः त्यांनीच वाहिला.

दुसऱ्या महायुद्धाने मैदानाची पट्टी केली. विमाने जड झाली, गवत व चिखल त्यांस पुरेना. फरसबंदी आली, आणि सारे मैदान फरसबंद करणे कोणासही परवडणारे नसल्याने भूमीचे दोन भाग पडले : धावण्याची रुंद पट्टी आणि तिच्याकडे जाणाऱ्या अरुंद वाटा. सांताक्रूझचा विमानतळ याच युद्धकाळातील. १९६० साली एअर इंडियाने बोइंग ७०७ ही जेट विमाने घेतली, १९७१ मध्ये ७४७ आले. डाकोटाच्या पंखांचा विस्तार सुमारे २९ मीटर, ७०७ चा सुमारे ४४, ७४७ चा सुमारे ६०. वाटा मात्र त्या प्रमाणात रुंद होत नसतात. ७४७ च्या वैमानिकाची दृष्टी भूमीपासून सुमारे ८·७ मीटर उंचीवर असते आणि त्यास आपल्याच पंखांची टोके दिसत नाहीत. शिवाय मोठ्या विमानात वैमानिकाचे आसन पुढच्या चाकाच्याही पुढे असते. वळताना पिवळी मध्यरेषा आपल्या मागे पडून आपण वाटेबाहेर चाललो आहोत असे दिसेपर्यंत त्यास सरळ जावे लागते, तेव्हा कोठे मागील चाके वाटेवर राहतात. बैलगाडी वळविणाऱ्या शेतकऱ्यास ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. सारांश, नागमोडी जाणारा डाकोटाचा वैमानिक निदान आपल्या डोळ्यांनी पाहत होता. जेटचा वैमानिक खुणा वाचतो व शब्द ऐकतो. दृष्टीची जागा वाचनाने घेतली, हा या इतिहासातील खरा पालट होय.

आणि वाचन चुकते. मुंबईतच याचे दोन प्रसिद्ध दाखले आहेत. १९५३ साली ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनचे कॉमेट जातीचे जेट विमान सांताक्रूझऐवजी जुहूस उतरले. काही दिवसांनी ते तेथूनच उडवून नेण्यात आले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी सकाळी जपान एअर लाइन्सचे डीसी-८ विमान त्याच जुहूच्या आखूड पट्टीवर उतरले, पट्टी संपली तरी थांबले नाही, आणि पुन्हा उडण्याच्या लायकीचे राहिले नाही. सुदैवाने कोणी दगावले नाही. दोन्ही विमानतळ एकमेकांपासून थोड्या मैलांवर, दोन्हींच्या मुख्य पट्ट्या जवळजवळ एकाच दिशेच्या, आणि समुद्रावरून येणाऱ्यास जुहू आधी दिसते. एका वैमानिकाने केलेली चूक त्याची स्वतःची म्हणता येईल. तीच चूक एकोणीस वर्षांच्या अंतराने, निराळ्या देशाच्या, निराळ्या कंपनीच्या, निराळ्या विमानाच्या वैमानिकाने केली म्हणजे दोष वाचकापेक्षा मजकुरात अधिक आहे असे भाषाभ्यासकाने समजावे. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत आपण हेच करतो : दोन स्वतंत्र लेखनिक एकाच ठिकाणी अडखळले तर मूळ प्रतीतच अक्षर संदिग्ध होते असे अनुमान काढतो.

हे दोन प्रसंग उतरण्याचे आहेत, चालनाचे नाहीत, असा आक्षेप येईल. परंतु एका संदिग्ध खुणेपुढे उभ्या असलेल्या मनुष्याची स्थिती दोन्हीकडे एकच असते. भूमीवर ती दर वळणाला येते, एवढाच फरक. विमानतळावरील खुणांचे व्याकरण आता जगभर एक आहे. १९४४ च्या शिकागो करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना निघाली आणि १९५१ मध्ये विमानतळांविषयीचे तिचे चौदावे परिशिष्ट मान्य झाले. त्याचीच सुधारलेली आवृत्ती आज चालते. धावपट्टीच्या कडेचे दिवे पांढरे, वाटेच्या कडेचे निळे, वाटेच्या मध्यरेषेचे हिरवे, आणि धावपट्टीच्या तोंडाशी थांबण्याची ओळ तांबडी. 'तू येथे आहेस' सांगणारी पाटी काळ्यावर पिवळी. 'ही वाट तिकडे जाते' सांगणारी पिवळ्यावर काळी. 'आज्ञेवाचून पुढे जाऊ नकोस' सांगणारी तांबड्यावर पांढरी. स्थान, दिशा, निषेध असे हे तीन अर्थ रंगाने वेगळे केले आहेत. वाटांना रोमन अक्षरांची नावे असतात, पण त्यांत आय, ओ व एक्स ही अक्षरे घेत नाहीत : पहिली दोन एक व शून्य या अंकांसारखी दिसतात, आणि एक्सची फुली बंद मार्गाची खूण आहे. लिपीतील संदिग्धतेची इतकी काळजी आपल्या मुद्रणालयांनीही कधी घेतली नसेल.

येथे आमच्या देवळाली कॅम्पाचा थोडा उल्लेख अप्रस्तुत होणार नाही. तोफखान्याच्या चांदमारीच्या वेळी सरावाच्या क्षेत्रावर तांबडे निशाण चढते आणि आसपासचा गुराखी, अक्षरशत्रू असला तरी, त्याचा अर्थ चुकत नाही. निशाण वर आहे तोवर आत जावयाचे नाही. 'जा' असे कोणी म्हटले काय किंवा न म्हटले काय, निशाणच बोलते. याच कॅम्पाने इंग्रजीस एक शब्द दिला हेही भाषेच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असेल. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे शिपाई येथे महिनोन्महिने पडून राहत, आणि त्यांच्यातील डोके फिरलेल्यास 'डूलाली टॅप' झाला असे म्हणत. 'डूलाली' म्हणजे देवळाली, 'टॅप' म्हणजे आपला 'ताप'. पोचणे आणि सुटणे यांच्यामध्ये अडकलेल्या मनुष्याची अवस्था त्या शब्दात आहे. विमानतळावरील थांबण्याच्या ओळीशी उभ्या असलेल्या वैमानिकासही आपण कशाची वाट पाहत आहोत, आणि ती संपली असे कोणी सांगितले, हे नेमके कळावे लागते.

रेल्वेने हा प्रश्न वस्तूने सोडविला होता. एकेरी मार्गावर चालकाच्या हाती वेताच्या कडीत अडकविलेला 'गोळा' दिल्याखेरीज गाडी पुढच्या टप्प्यात जात नसे. गोळा एकच, म्हणून गाडीही एकच. परवानगी हातात धरता येई. विमानाच्या बाबतीत परवानगी ही वस्तू नाही, ते केवळ उच्चारलेले वाक्य आहे. ते आकाशवाणीवरून येते, कित्येकांच्या कानी एकाच वेळी पडते, आणि बोलून होताच नाहीसे होते. त्यास टिकविण्याचा एकच उपाय सापडला, तो म्हणजे ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखविणे. पाठशाळेत संथा घेतलेल्यास ही रीत परिचित आहे. गुरुजी एकदा म्हणतात, शिष्य तेच परत म्हणतो, आणि शिष्याच्या म्हणण्याकडे गुरुजींचे लक्ष असते. हे शेवटचे लक्ष सुटले की संथा व्यर्थ, आणि विमानतळावर तर व्यर्थच नव्हे, घातक.

२७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दाट धुके होते. दोन बोइंग ७४७ एकाच धावपट्टीवर होती. एक उडण्याच्या तयारीत, दुसरे त्याच पट्टीवरून चालत बाहेरच्या वाटेकडे निघालेले. चालणाऱ्या विमानास तिसऱ्या वाटेने बाहेर पडण्यास सांगितले होते. वाटांवर पाट्या नव्हत्या, तिसरी वाट मागच्या बाजूस अवघड कोनात वळत होती, आणि ते विमान तिच्यापुढे गेले. उडणाऱ्या विमानातून 'आम्ही आता टेक-ऑफवर आहोत' अशा आशयाचे वाक्य आले. नियंत्रकाने त्याचा अर्थ 'उड्डाणाच्या जागी उभे आहोत' असा घेतला. बोलणाऱ्याच्या मनात 'उड्डाण सुरू केले आहे' असे होते. बोलणारे डच होते, आणि डच भाषेत चालू क्रिया स्थानवाचक अव्ययाने दाखविण्याची रीत आहे. परक्या भाषेत बोलताना आपल्या भाषेची रचना मागून उमटली असावी, ही उपपत्ती स्टीव्हन कुशिंग यांनी १९९४ च्या आपल्या 'फेटल वर्ड्‌स' या ग्रंथात विस्ताराने चर्चिली आहे. मला ती ग्राह्य वाटते. 'मी जेवणावर आहे' किंवा 'तो येण्यात आहे' अशी वाक्ये मराठी मनुष्य इंग्रजीत कशी नेतो हे ज्याने वर्गात तपासले आहे त्यास तिचे नवल वाटू नये. त्या दिवशी ५८३ माणसे मेली. त्यानंतर 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारावा, एरवी 'निर्गमन' म्हणावे, असा दंडक झाला. एका शब्दाचा अर्थ बंदिस्त करण्यासाठी इतकी किंमत दुसऱ्या कोणत्या कोशकाराने मोजली असेल असे वाटत नाही.

मिलानच्या लिनाते विमानतळावर ८ ऑक्टोबर २००१ रोजी पुन्हा धुके होते आणि भूमीवरील रडार चालू नव्हते. एका लहान जेट विमानास पाचव्या क्रमांकाच्या वाटेने जाण्यास सांगितले होते. ते सहाव्या वाटेने निघाले आणि धावपट्टी ओलांडू लागले. वाटेत वैमानिकाने भूमीवर रंगविलेली एक खूण वाचून आपला ठावठिकाणा कळविलाही होता. पण ती खूण नियंत्रकाच्या नकाशात नव्हती, आणि न समजलेल्या शब्दाविषयी त्याने पुन्हा विचारले नाही. ११८ मृत्यू. मला ही घटना टेनेरिफहून अधिक बोलकी वाटते. तेथे एकाच शब्दाचे दोन अर्थ झाले. येथे शब्द भूमीवर लिहिलेला होता, उच्चारला गेला, ऐकला गेला, आणि कोशातच नव्हता.

पॅरिसमध्ये २५ मे २००० रोजी घडलेला अपघात मराठीच्या अभिमान्यांनी विशेष लक्षपूर्वक अभ्यासावा. नियंत्रक फ्रेंच विमानाशी फ्रेंचमध्ये व ब्रिटिश विमानाशी इंग्रजीत बोलत होता. मागून एक विमान त्याच पट्टीवरून उडण्यास निघाले आहे हे ब्रिटिश वैमानिकांस कळू शकले नाही, कारण ती परवानगी त्यांना न समजणाऱ्या भाषेत दिली गेली होती. त्यांचे विमान मधल्या वाटेने पट्टीवर आले आणि एक वैमानिक मारला गेला. आकाशवाणीवर सर्वांना सर्व ऐकू येते, आणि हे चोरून ऐकणे हाच सुरक्षेचा एक आधार असतो. मातृभाषेचा आग्रह मी अनेक ठिकाणी धरीत आलो आहे व धरीन. या ठिकाणी तो मला धरवत नाही. आंतरराष्ट्रीय संघटनेने २००८ पासून वैमानिक व नियंत्रक यांच्या इंग्रजीची जी किमान चौथी पायरी ठरविली तीतही उच्चारापेक्षा परस्परांस समजणे यावर भर आहे, आणि तो योग्य आहे.

भाषाशास्त्राने या क्षेत्रात एक चांगले कामही केले आहे आणि ते आपल्या विद्यार्थ्यांस फारसे ठाऊक नसते. 'आल्फा, ब्राव्हो, चार्ली' ही अक्षरमाला मॉन्ट्रियल विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ ज्याँ-पोल व्हिने यांच्या संशोधनातून निघाली. फ्रेंच व इंग्रजी यांच्या तुलनात्मक शैलीविचाराचा १९५८ चा ग्रंथ लिहिणारे दोघांपैकी एक ते हेच. अनेक देशांच्या लोकांकडून शब्द म्हणवून व ऐकवून घेऊन ही माला ठरली. १९५१ च्या मसुद्यातील पाच शब्द ऐकताना घोटाळ्याचे ठरले म्हणून बदलले, आणि १ मार्च १९५६ पासून आजची माला अमलात आली. अंकही एकेक सुटे उच्चारतात, आणि इंग्रजीतील पाच व नऊ यांचा घोळ होऊ नये म्हणून नवाचा उच्चार 'नाइनर' करतात. मराठी संख्यावाचकांवर काम करणाऱ्यास याचे मर्म तत्काळ कळेल. 'बासष्ट' आणि 'बाहत्तर' यांत आरंभ एकच व भेद शेवटी, आणि खरखरणाऱ्या यंत्रात शेवटच गळतो. आपल्या बँकेतील कारकूनही मोठी रक्कम ऐकताना 'सहा दोन की सात दोन?' असे विचारतो तो याच कारणाने.

२ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे ए-३५० विमान उतरले ते धावपट्टीवर उभ्या असलेल्या तटरक्षक दलाच्या विमानावर. नोतो द्वीपकल्पातील भूकंपग्रस्तांसाठी मदत नेणाऱ्या त्या लहान विमानातील सहापैकी पाच जण मेले. मोठ्या विमानातील ३७९ माणसे पेटलेल्या विमानातून बाहेर पडली. लहान विमानास थांबण्याच्या ओळीपर्यंत जाण्यास सांगितले होते, आणि 'क्रमांक एक' असे म्हटले होते. रांगेत तुमचा क्रमांक पहिला, एवढाच त्याचा अर्थ. पहिला क्रमांक मिळालेल्या मनुष्याने 'आता माझी पाळी' असे समजावे यात अस्वाभाविक काय आहे? वैमानिकाने आपणास पट्टीवर जाण्याची परवानगी मिळाली असेच मानले. त्या ओळीवरील तांबडे दिवे तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होते. म्हणजे निशाण उतरलेले होते आणि सारा भार शब्दावर पडला होता. अपघातानंतर जपानमध्ये तो शब्दप्रयोग काही काळ थांबविण्यात आला.

आता पुन्हा मुंबईकडे. येथे दोन धावपट्ट्या एकमेकींस छेदतात, म्हणून एका वेळी प्रायः एकीवरच काम चालते. डिसेंबर २०१८ मध्ये एका दिवसात १,००७ विमानांची ये-जा झाली. म्हणजे दीड मिनिटाच्या आत एक. अशा ठिकाणी उतरलेल्या विमानाने धावपट्टी झटकन मोकळी करावी हा तगादा मागच्या विमानासाठीच असतो. त्यासाठी धावपट्टीपासून सुमारे ३० अंशांच्या कोनात फुटणाऱ्या जलद निर्गमनाच्या वाटा असतात. ओल्या भूमीवरही ताशी ९३ किलोमीटर वेगाने त्यांवर वळता यावे अशी त्यांची आखणी असते. आखणी एक आणि श्रावण-भाद्रपदातील मुंबईची पहाट दुसरी. २ सप्टेंबर २०११ रोजी पावसात टर्किश एअरलाइन्सचे ए-३४० विमान सुखरूप उतरले, अशा वाटेने बाहेर पडताना तिच्यावरून सुटले आणि चिखलात रुतले. कोणास इजा झाली नाही, पण एवढे धूड चिखलातून काढता काढता मुख्य धावपट्टी काही दिवस बंद राहिली. ५ सप्टेंबर २०१७ च्या पहाटेपूर्वी कोचीन येथे अबू धाबीहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान उतरून थांब्याकडे जाताना वाटेचे वळण येण्याआधीच वळले आणि पावसाच्या पाण्याच्या गटारात नाकावर पडले. २१ जुलै २०२५ रोजी मुंबईत कोचीनहून आलेले एअर इंडियाचे विमान मात्र उतरतानाच पट्टीबाहेर गेले, परत आले, आणि इंजिनाच्या आवरणाची मोडतोड झालेल्या अवस्थेत स्वतः चालत थांब्यापर्यंत पोचले.

या तीन घटना जातीने भिन्न आहेत. पहिलीत विमान धावपट्टी सोडून वाटेवर येत होते, दुसरीत वाटेवरच होते, तिसरीत धावपट्टीवर होते. तिन्हींची कारणे निराळी, उपाय निराळे : पहिलीत वेग, दुसरीत खुणा व उजेड, तिसरीत पट्टीवरील पाणी व उतरण्याची पद्धत यांकडे प्रथम पाहावे लागेल. मराठी वृत्तपत्रांत मात्र अशा सर्व घटनांस पुष्कळदा एकच मथळा मिळतो : 'विमान धावपट्टीवरून घसरले.' नाव नसलेली वाट येथे धावपट्टीत बुडून जाते, आणि पन्नास वर्षांनी ही वृत्तपत्रे साधन म्हणून वापरणाऱ्या इतिहासकारास कोणते विमान कोठे सुटले हे कळण्याचा मार्ग राहत नाही. यावर काहींनी 'भूसंचलनपथ' यासारखे शब्द सुचविले तर मी त्यांना विरोध करणार नाही, पण ते चालतील असेही मला वाटत नाही. 'टॅक्सी' शब्द मुंबईच्या रस्त्यावर मुरलेला आहे. 'टॅक्सीमार्ग' म्हणावे व धावपट्टीपासून तो वेगळा ठेवावा. शब्द शुद्ध असण्यापेक्षा भेद शाबूत असणे मी महत्त्वाचे मानतो. क्रियापद हवे असल्यास 'चालणे' पुरेसे आहे. धावणाऱ्यासाठी धावपट्टी, चालणाऱ्यासाठी चाल, यात मराठीस परके असे काही नाही.

भूमीवरील धोका विमानात बसलेल्यांपुरता नसतो, हेही मथळ्यांतून निसटते. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबईत हैदराबादकडे निघालेले विमान थांब्यावरून मागे ढकलले जात असता भूमीवर काम करणारा एक तंत्रज्ञ इंजिनात ओढला जाऊन मरण पावला. १५ फेब्रुवारी २०२० रोजी पुण्यात उड्डाणासाठी धावणाऱ्या विमानासमोर पट्टीवर एक जीप व मनुष्य दिसला आणि वैमानिकाने नेहमीपेक्षा आधीच विमान उचलले. १६ मे २०२४ रोजी त्याच विमानतळावर धावपट्टीकडे चाललेले विमान सामान ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर आदळले. या माणसांजवळ आकाशवाणीची संथा नसते. हाताचे इशारे, दांडीचे दिवे आणि इंजिनाच्या आवाजावर चढवून मारलेली हाक, एवढीच त्यांची भाषा, आणि ती मराठी, हिंदी, इंग्रजी यांच्या मिश्रणातून रोजच्या कामात घडलेली असते. तिचा अभ्यास झालेला पाहण्यास मी उत्सुक आहे. आमच्याकडे ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्याची धावपट्टी आहे व प्रवासी इमारत २०१४ पासून आहे. कारखान्यातील दोन-तीन पिढ्यांच्या कामगारांच्या तोंडी विमान ढकलण्या-ओढण्याचे व उभे करण्याचे जे शब्द असतील ते त्या कामगारांकडूनच टिपून घ्यावे लागतील. विभागातील दोन विद्यार्थ्यांनी ते काम अंगावर घेण्याचे मान्य केले आहे.

वाचकांस एक विनंती. १९५३ मधील कॉमेटच्या व १९७२ मधील डीसी-८ च्या जुहू येथील अवतरणाची त्या त्या दिवसांतील मराठी वृत्तपत्रांची कात्रणे कोणाच्या संग्रही असल्यास त्यांनी विभागाकडे कळवावे. विमानास तेव्हा कोणते क्रियापद लावले होते, आणि जुहूस 'मैदान' म्हटले होते की 'धावपट्टी', एवढेच पाहावयाचे आहे. कात्रणे उतरवून घेऊन परत केली जातील.